जळजळीची गोळी: घ्यायची वेळ आणि सोडायची तारीख

इसोमेप्राझोलची गोळी मी सलग दोन महिने रात्री जेवून झाल्यावर, अंथरुणावर पडता पडता घेत होतो. चिठ्ठीवर 'रोज एक' एवढंच होतं. केव्हा, ते ना मी विचारलं ना कुणी सांगितलं. छातीतली जळजळ जरा उतरली, पण पहाटे घशाशी आंबट पाणी येऊन ठसक्याने जाग यायची ती येतच राहिली. पुन्हा दाखवायला गेलो तेव्हा डॉक्टर डोस दुप्पट करायच्या बेतात होते. लिहिता लिहिता त्यांनी सहज विचारलं, "घेता केव्हा?" माझं उत्तर ऐकून पेन खाली ठेवलं. डोस तोच राहिला, वेळ बदलली, आणि आठ-दहा दिवसांत सलग झोप लागू लागली.

या गोळ्यांचं बिघडतं ते बहुधा दोन जागी, असं माझं आता पक्कं मत झालंय: रोज घ्यायची वेळ आणि सोडायची तारीख. पहिलीकडे लोक लक्ष देत नाहीत, दुसरी तर बऱ्याच चिठ्ठ्यांवर नसतेच. पुढचं सगळं मोठ्या माणसांसाठी आहे. लहान मुलं, गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया आणि यकृताचा मोठा आजार असलेले यांचं औषध आणि डोस डॉक्टरांनीच ठरवायचा.

आधी खात्री करा, ही जळजळच आहे ना

छातीत दाबल्यासारखं होतंय, कळ डाव्या हातात, खांद्यात किंवा जबड्यात जातेय, दरदरून घाम फुटलाय, श्वास लागतोय, अशा वेळी ॲसिडिटीची गोळी शोधत बसू नका. सरळ तातडीची मदत बोलवा. हृदयविकाराचा झटका आणि जळजळ यांत जाणत्या माणसाचाही गोंधळ होतो, आणि 'गॅस असेल' म्हणून घालवलेला तास परत मिळत नाही.

काही खुणा अशा आहेत की त्या असताना घरच्या घरी गोळी चालू ठेवणं चूक: घास अडकणं, गिळताना दुखणं, कारण नसताना वजन उतरणं, वारंवार उलट्या, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही पडणं, डांबरासारखी काळी शौचाला होणं, तपासणीत हिमोग्लोबिन कमी निघणं. साठीच्या पुढे पहिल्यांदाच त्रास सुरू झाला असेल तरी आधी तपासून घ्या. गोळीने या आजारांचं दुखणं दबतं, आजार दबत नाही. (लोहाच्या गोळ्यांनीही शौचाला काळं होतं, तेव्हा डॉक्टरांना त्या गोळ्यांचंही सांगा.)

चिठ्ठीवर नेमकं काय लिहिलंय

पाकिटावरचं ठळक नाव कंपनीने ठेवलेलं असतं. औषधाचं खरं नाव त्याच्याजवळ बारीक अक्षरात. वाचायचं ते हे बारीक नाव. शेवटी 'प्राझोल' असेल, म्हणजे ओमेप्राझोल, इसोमेप्राझोल, पँटोप्राझोल, राबेप्राझोल, लॅन्सोप्राझोल, तर ते जठरातला ॲसिड सोडणारा सूक्ष्म पंप बंद करणारं औषध. शेवटी 'टिडिन' असेल, उदाहरणार्थ फॅमोटिडिन, तर ते पंपाला मिळणाऱ्या हिस्टामिनच्या (शरीरातलंच एक रसायन) निरोपांपुरतं अडवतं. जोर कमी, पण असर लवकर. तिसरं म्हणजे अँटासिड, चघळायची गोळी किंवा पातळ औषध. ते तयार झालेलं ॲसिड तिथल्या तिथे मारतं आणि तासा-दोन तासांत संपतं.

सिमेटिडिन हे 'टिडिन' घराण्यातलं पहिलं नावाजलेलं औषध १९७६ साली बाजारात आलं. औषधशास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांना १९८८ साली नोबेल मिळालं ते ज्या कामासाठी, त्यात हेही औषध होतं. आणि त्याच वर्षी ओमेप्राझोल विक्रीला आलं. रॅनिटिडिनची जुनी पाकिटं कपाटात पडली असतील तर ती वापरू नका. त्यात एनडीएमए नावाचा घातक घटक सापडल्यावर २०२० साली अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी ते बाजारातून काढायला लावलं.

खरं नाव वाचायचं आणखी एक कारण. दोन वेगळ्या डॉक्टरांनी दोन वेगळ्या नावांनी एकच औषध दिलेलं असतं आणि घरात दोन्ही पाकिटं चालू असतात. सगळी पाकिटं एकदा टेबलावर ओतून बघा.

आणि नावात 'प्राझोल'बरोबर डोम्पेरिडोन जोडलेलं असेल तर थांबून विचारा. हे उलटी-मळमळीचं औषध आहे, ॲसिडचं नाही. हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवण्याचा धोका लक्षात घेऊन युरोपच्या औषध नियंत्रकांनी २०१४ साली ते फक्त मळमळ-उलटीसाठी, एका वेळी १० मिलिग्रॅम, दिवसातून जास्तीत जास्त तीनदा आणि शक्यतो आठवड्याच्या आतच द्यावं असं ठरवलं. साठीच्या पुढच्यांना आणि दिवसाला ३० मिलिग्रॅमहून जास्त घेणाऱ्यांना हा धोका अधिक. असली जोडगोळी महिनोन्महिने घेणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि मळमळ त्यांतल्या एकालाही नव्हती.

वेळ: पंप जागे व्हायच्या आधी

जठराच्या अस्तरातल्या काही पेशींमध्ये ॲसिड बाहेर टाकणारे सूक्ष्म पंप असतात. पोट रिकामं असताना त्यांतले बहुतेक झोपलेले. घास पोटात गेला की ते उठून कामाला लागतात. 'प्राझोल' औषध फक्त जाग्या, चालू पंपाला चिकटतं. झोपलेल्या पंपाला त्याला हातही लावता येत नाही. आणि रक्तात ते फार टिकत नाही, दर तास-दीड तासाला निम्मं होत जातं.

म्हणजे गणित साधं आहे. तुम्ही खायला बसाल तेव्हा औषध रक्तात हजर हवं. गोळी आतड्यात विरघळून रक्तात यायला वेळ लागतो, म्हणून ती पहिल्या खाण्याच्या ३० ते ६० मिनिटं आधी, अनशापोटी. मी रात्री जेवून घेत होतो तेव्हा भरल्या पोटी औषध रक्तात पोचायलाच उशीर व्हायचा, तोवर पंप पुन्हा निजायच्या वाटेवर असायचे. गोळीचा दोष नव्हता, ती बंद दारावर टकटक करून परत जात होती.

सकाळी उठल्या उठल्या पाण्याबरोबर गोळी, मग तोंड धुणं, आंघोळ, कपडे, आणि त्यानंतर खाणं: हा क्रम बहुतेकांना जमतो. ज्यांना सकाळी काहीच खायची सवय नाही त्यांनी दिवसाच्या पहिल्या खऱ्या जेवणाआधी घ्यावी. मात्र गोळी घेऊन न जेवता राहणं म्हणजे ती अर्धी वाया घालवणं. दिवसातून दोनदा सांगितली असेल तर दुसरी रात्रीच्या जेवणाआधी, झोपताना नव्हे.

याला अपवाद आहेत. डेक्सलॅन्सोप्राझोल आणि नवं व्होनोप्राझन यांना जेवणाची अट नाही. पँटोप्राझोल, राबेप्राझोलच्या काही माहितीपत्रकांतही 'जेवणाआधी किंवा नंतर' छापलेलं असतं. तुमची जळजळ त्या वेळेने पूर्ण आटोक्यात असेल तर वेळेवरून वाद घालू नका. नसेल, तर डोस वाढवण्याआधी वेळ बदलून बघायचं का, ते डॉक्टरांना विचारा.

एका दिवसात निकाल मागू नका. पहिल्या गोळीने त्या वेळी जागे असलेले पंप तेवढे बंद पडतात, उरलेले दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. शिवाय शरीर नवे पंप बनवतच असतं. पूर्ण असर यायला ३ ते ५ दिवस जातात. म्हणून 'त्रास झाला की एक टाकली' या तऱ्हेने 'प्राझोल' घेऊन लगेच आराम पडत नाही. पहिल्या दिवसांत जळजळ उसळली तर अँटासिड चालेल का, ते चिठ्ठी घेतानाच विचारून ठेवा. अँटासिड घ्यायचं तर इतर औषधांपासून दोनेक तास लांब. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियमवालं अँटासिड विचारल्याशिवाय नको.

गिळायची कशी

माझ्या आत्याला गोळी गिळवत नसे. आम्ही ती दोन चमच्यांत दाबून पूड करायचो, पाण्यात कालवून द्यायचो आणि पंधरा दिवस 'हिला काही लागूच पडत नाही' म्हणत बसलो. या औषधाला ॲसिड सोसत नाही, म्हणून गोळीवर जठरात न विरघळणारा लेप असतो. पूड केली की लेप गेला, आणि जठरातलं ॲसिड औषधालाच खाऊन टाकतं. चावायची नाही, कुटायची नाही, तोडायची नाही.

गिळायला खरंच जमत नसेल तर वाट आहे. ओमेप्राझोल, इसोमेप्राझोल आणि लॅन्सोप्राझोलच्या काही कॅप्सूल उघडता येतात. दोन्ही टोकं धरून हलकी पिळली की टोपी निघते. आत मोहरीहून बारीक दाणे दिसतात. लेप असतो तो या दाण्यांना. चमचाभर गार, मऊ सफरचंदाच्या गरावर ते पसरायचे, न चावता लगेच गिळायचे आणि वर पाणी प्यायचं. गर गरम नको, आणि कालवलेलं नंतरसाठी ठेवायचं नाही. तुमची कॅप्सूल यातली आहे का, हे औषध देणाऱ्याला विचारून मगच. पाण्यात विरघळणाऱ्या पुड्या आणि गोळ्याही मिळतात, आत्याला शेवटी त्याच दिल्या.

एखादा डोस राहिला तर आठवल्यावर घ्या; पुढच्याची वेळ जवळ आली असेल तर राहिलेला सोडून द्या. दोन एकदम कधीच नको.

तुमची बाकीची औषधं

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण खरं नुकसान इथेच होतं. चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी कागदावर करा, आयुर्वेदिक-होमिओपॅथिकसकट, आणि चिठ्ठी लिहिली जात असतानाच पुढे ठेवा.

हृदयात स्टेंट बसवला असेल आणि क्लोपिडोग्रेल चालू असेल तर ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल टाळतात. क्लोपिडोग्रेल यकृतात गेल्यावर जागं होतं; ज्या एन्झाइमने ते होतं, तेच ही दोन औषधं अडवतात. गोळी रोज पोटात जाते, पण रक्त पातळ ठेवायचं काम कमी पडतं. अशांना बहुधा पँटोप्राझोल देतात. स्वतःहून मात्र काही बंद करू नका. क्लोपिडोग्रेल तर नाहीच.

काही औषधांना पोटात जिरायला ॲसिड लागतं. लोह, कॅल्शियम कार्बोनेट, इट्राकोनाझोलसारखी बुरशीवरची औषधं, एचआयव्हीवरची अटाझानाविर आणि रिल्पिविरिन, कॅन्सरच्या काही गोळ्या. यांतल्या काहींबरोबर 'प्राझोल' अजिबात चालत नाही. मोठ्या डोसमधलं मेथोट्रेक्सेट आणि डिगॉक्सिन यांचं उलट होतं, ती रक्तात वाढू शकतात. वॉरफरिन चालू असेल तर रक्त गोठण्याची तपासणी लवकर करून घ्या.

थायरॉइडच्या गोळीवाल्यांची वेगळीच अडचण. तीही अनशापोटी, हीही अनशापोटी. दोन्हींत किती अंतर ठेवायचं ते डॉक्टर सांगतील, पण नुसतं अंतर ठेवून भागत नाही, कारण पोटातलं ॲसिडच दिवसभर कमी झालेलं असतं. 'प्राझोल' सुरू केल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) तपासून घेणं शहाणपणाचं.

आणि जळजळ मुळात औषधानेच होत नाहीये ना? आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामकं, डॉक्सिसायक्लिन, हाडांसाठीचं अलेंड्रोनेट या गोळ्या अन्ननलिकेत रेंगाळल्या तर तिथे जखम करतात. घोटभर पाण्याने गिळून लगेच आडवं होणाऱ्यांना हमखास.

तपासणीआधीही लक्षात ठेवा. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूसाठी श्वासाची किंवा शौचाची तपासणी सांगितली असेल तर 'प्राझोल' दोन आठवडे आधी थांबवावं लागतं, नाहीतर जंतू असूनही 'नाही' असा निकाल येऊ शकतो. थांबवायचं ते डॉक्टरांना सांगूनच.

पहिल्या दिवशी पाकिटावर तारीख लिहा

सुरू केल्याची तारीख, आणि शेजारी पुन्हा भेटायची तारीख. जळजळीसाठी पहिला कोर्स साधारण ४ ते ८ आठवड्यांचा असतो. 'किती दिवस?' हा प्रश्न चिठ्ठी हातात घेतानाच विचारा. विचारल्याशिवाय या गोळीला शेवट येत नाही, पाकीट संपलं की दुसरं आणलं जातं आणि वर्ष उलटतं.

आठ आठवडे वेळेवर घेऊनही फरक नसेल तर डोस वाढवत नेण्यापेक्षा दुर्बिणीची किंवा दुसरी तपासणी हवी का, हे बोलायची ती वेळ आहे. छातीत जळजळणारं सगळंच ॲसिड नसतं.

जास्त दिवस घ्यावी लागली तर

नेटवर वाचून लोक दोन टोकांना जातात. एकाला वाटतं गोळीने मूत्रपिंड, हाडं, मेंदू सगळंच जाणार. दुसरा दहा वर्षं घेऊनही बेफिकीर. अनेक जुने अभ्यास केवळ निरीक्षणाचे होते, आणि ज्यांना गोळी लागते ती माणसं मुळात जास्त आजारी असतात, त्यामुळे गोळीचा दोष कुठला आणि आजारपणाचा कुठला हे सुटं करणं अवघड. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत साडेसतरा हजारांवर हृदयरुग्णांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं वाटून पँटोप्राझोल किंवा नुसती दिखाऊ गोळी दिली गेली. सुमारे तीन वर्षांत हाडं मोडणं, मूत्रपिंडाचा आजार, स्मृतिभ्रंश यांत फरक दिसला नाही. आतड्याचे संसर्ग तेवढे थोडे जास्त, १.४ टक्के विरुद्ध १ टक्का.

तीन वर्षं म्हणजे वीस वर्षं नव्हेत, म्हणून लक्ष ठेवायचं ते ठेवाच. वर्षानुवर्षं घेत असाल तर रक्तातल्या बी-१२ जीवनसत्त्वावर. लघवी वाढवणारी गोळीही चालू असेल तर मॅग्नेशियमवर. ते उतरलं की पायात गोळे येतात, हात थरथरतात, ठोके चुकल्यासारखे वाटतात. पाण्यासारखे जुलाब ताप-पोटदुखीसकट थांबत नसतील, लघवी कमी झाली किंवा लालसर दिसली, अंगावर पुरळ उठून सांधे धरले, तर वाट न बघता दाखवा. सुरुवातीची डोकेदुखी, पोट जड वाटणं, शौचाला कमी-जास्त होणं हे बहुधा आपोआप जातं.

'टिडिन' औषधं रोज घेतली तर एक-दोन आठवड्यांत त्यांचा जोर ओसरतो. मूत्रपिंड कमजोर असेल तर त्यांचा डोस कमी लागतो, आणि म्हाताऱ्या माणसांत कधी कधी त्यांनी भ्रम होतो.

सोडताना

आधी कुणी सोडायची नाही ते. अन्ननलिकेला मोठ्या जखमा झालेले, बॅरेट अन्ननलिका (ॲसिडने अन्ननलिकेचं अस्तर बदलणं) असं निदान झालेले, पूर्वी अल्सरमधून रक्त गेलेले, रक्त पातळ करणाऱ्या औषधाबरोबर ॲस्पिरिन किंवा वेदनाशामक घ्यावं लागणारे. यांच्यासाठी गोळी हे संरक्षण आहे, जळजळ नसली तरी. तुम्ही यांत बसता का, हे विचारल्याशिवाय एक दिवसही चुकवू नका.

बाकीच्यांनी एका गोष्टीची तयारी ठेवायची. गोळीमुळे ॲसिड कमी झालं की शरीर गॅस्ट्रिन हे ॲसिड वाढवणारं संप्रेरक वाढवून 'अजून बनवा' म्हणत राहतं. गोळी थांबते, पण तो हुकूम काही आठवडे चालूच, आणि ॲसिड पूर्वीपेक्षा जास्त उसळतं. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कच्या एका प्रयोगात १२० निरोगी माणसं घेतली, ज्यांना जळजळ नव्हतीच. निम्म्यांना आठ आठवडे इसोमेप्राझोल दिलं आणि थांबवलं. थांबवल्यानंतर चार आठवड्यांच्या आत त्यांतल्या ४४ टक्क्यांना जळजळ-आंबट ढेकर असा त्रास झाला. दिखाऊ गोळीवाल्यांत १५ टक्क्यांना. धडधाकट माणसाला गोळी देऊन, ती काढून घेऊन आजारी करता येतं, असा हा प्रकार.

म्हणून गोळी सोडल्यावर चौथ्या दिवशी जळजळ आली की 'बघा, मला ही जन्मभर लागणार' असं लगेच ठरवू नका. मी पहिल्यांदा तेच ठरवलं होतं. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी डोस निम्मा केला, तीन आठवडे तो, मग दिवसाआड दोन आठवडे, मग बंद. मधल्या उसळीला जेवणानंतर अल्जिनेटचं पातळ औषध, जे पोटातल्या अन्नावर सायीसारखा थर धरतं. एकदम बंद केलेलंही चालतं, काहींना ते सोपं जातं. हळूहळूच सोडावी असा नियम नाही. कसंही सोडलं तरी चार ते आठ आठवडे उसळीचे धरा. त्यानंतरही त्रास तसाच असेल तर तो मूळचा आहे, परत दाखवा. कमीत कमी डोसवर किंवा लागेल तेव्हा थोडे दिवस घेणं, अशीही सोय असते.

हे दिवस निभवायला दोन गोष्टी खरोखर उपयोगी पडल्या. जेवण आणि झोप यांत तीन तास. आणि पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली लाकडी ठोकळे, १५ ते २० सेंटिमीटर. उशा वाढवून हे काम होत नाही. मान मोडते, पोट दुमडतं आणि ॲसिड उलट वर ढकललं जातं. पाठीसकट उतार हवा. शक्यतो डाव्या कुशीवर झोपा. वजन जास्त असेल तर ते उतरवणं आणि तंबाखू-सिगारेट सोडणं यांचाही उपयोग आहे, फक्त तो तीन आठवड्यांत दिसणारा नव्हे. कुठल्या पदार्थाने त्रास होतो ते आपलं आपण टिपून ठरवायचं. सगळंच बंद करून बसायचं कारण नाही.

उरलेल्या गोळ्या जळजळ होणाऱ्या दुसऱ्या कुणाला देऊ नका. त्याच्या छातीत काय आहे आणि त्याच्या बाकीच्या पाकिटांत काय आहे, दोन्ही तुम्हाला माहीत नाही.